कुणीच न खेळलेला गेम मित्राच्या गळी कसा उतरवायचा

“भावा, हा खेळच, डोकं फिरेल” एवढ्यावर पाठवलेल्या लिंकचं पुढे काय होतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. ती विशलिस्टात जाते. हिवाळ्याच्या सेलमध्ये गेम विकतही घेतला जातो. मग तो लायब्ररीत शून्य तास दाखवत पडून राहतो आणि मित्र पुन्हा व्हॅलोरंट या नेहमीच्या गोळीबाराच्या गेमकडे वळतो. दरवेळी मित्र आळशी असतो असं नाही. बहुतेकदा शिफारसच अर्धी असते.

आमच्या गटात मी ‘तो विचित्र गेमवाला’ म्हणून ओळखला जातो. इतक्या वर्षांत जी पद्धत बसली, ती इथे मांडतो. तिच्या मुळाशी समजूत एकच आहे: आपण खरं तर पहिला तास सुचवत असतो. त्यानंतर चांगला गेम माणसाला स्वतःच्या जोरावर ओढून नेतो. पण पहिल्या तासात काही कळत नसतं, बटणं चुकत असतात आणि फोनवर कुणीतरी बीजीएमआयच्या लॉबीत बोलावत असतं. तो तास तुमच्या शब्दाखातर खेळला जातो.

‘दुर्लक्षित’ कशाला म्हणायचं, तेही सांगून ठेवतो. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) जगभर गाजला, त्याला पुरस्कार मिळाले. पण आपल्याकडच्या एखाद्या कॉलेज हॉस्टेलवर विचारा, नाव ऐकलेला माणूस भेटला तर नशीब. तुमच्या गटाला माहीत नसलेला गेम तुमच्यापुरता दुर्लक्षितच. आणि वेळ कधी येईल याचा काही नेम नसतो. ‘अमंग अस’ तिघांच्या टीमने २०१८ मध्ये काढला आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये स्ट्रीमर मंडळींनी (स्वतःचा खेळ ऑनलाइन थेट दाखवणाऱ्यांनी) उचलेपर्यंत त्याच्याकडे फारसं कुणी फिरकलं नव्हतं.

सुरुवातीआधी हाताशी काय हवं

मित्राला मेसेज टाकण्याआधी ही माहिती काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

• गेमचं अचूक नाव, कंपनी आणि साल. ‘आउटर वाइल्ड्स’ आणि ‘द आउटर वर्ल्ड्स’ दोन्ही २०१९ चे, दोन्ही अंतराळातले आणि एकमेकांपासून पूर्ण वेगळे. पहिला सुचवून दुसरा विकत घेतला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. शोधून घे म्हणू नका, दुकानाच्या पानाचीच लिंक द्या.
• किमान कोणतं मशीन लागतं आणि डाउनलोड किती मोठं आहे.
• आजची किंमत, आणि सेलमध्ये ती साधारण किती खाली येते.
• संपवायला किती तास लागतात.
• डेमो आहे का. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या नेक्स्ट फेस्टमध्ये वर्षातून काही वेळा येऊ घातलेल्या गेमचे डेमो फुकट मिळतात, तेव्हा चार उतरवून ठेवा.
• इंग्रजी किती वाचावं लागतं.
• गेममध्ये त्रासदायक काय आहे. हा रकाना रिकामा राहिला, तर गेम तुम्हीच नीट पाहिलेला नाही.

१. भारी काय ते एका प्रसंगात सांगा

“ग्राफिक्स भारी, स्टोरी भारी” हे कुठल्याही गेमबद्दल म्हणता येतं. एक ठोस गोष्ट निवडा. ओब्रा डिनबद्दल मी एवढंच सांगतो: प्रेताजवळ जाऊन खिशातलं घड्याळ उघडायचं, की त्या माणसाच्या मरणाचा क्षण समोर थिजून उभा राहतो. त्या क्षणात फिरून तो कोण होता आणि कसा मेला ते ओळखायचं. ऐकणाऱ्याचे डोळे इथे चमकले नाहीत, तर हा गेम त्याच्यासाठी नाही. पुढे रेटू नका.

२. माणूस वाचा

“तुला कसले गेम आवडतात?” हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर येतं, “ॲक्शन, ॲडव्हेंचर.” त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. शेवटचा कोणता गेम शेवटपर्यंत संपवलास? आणि कोणता मध्येच सोडलास, कुठे? दुसऱ्या प्रश्नातून जास्त कळतं. कुणी “मॅप फार मोठा होता, कुठे जायचं कळेना” म्हणालं, तर त्याला मोकळं सोडणारा गेम देऊ नका. कुणी “सारखं हाताला धरून शिकवत होते” म्हणालं, तर त्याला तोच द्या.

मग तो कुठे खेळतो ते बघा. लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने खेळणाऱ्याला कंट्रोलर लागणारा गेम सुचवून काय उपयोग? फोनवरच खेळणाऱ्यांसाठी माझी ठरलेली सुरुवात ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३). ओब्रा डिन बनवणाऱ्या लुकस पोपचाच हा गेम. एका कल्पित हुकूमशाही देशाच्या सीमेवर खिडकीत बसून लोकांची कागदपत्रं तपासायची. फोनवर तो २०२२ मध्ये आला. सरकारी कचेरीच्या खिडकीबाहेर ज्याने दिवस घालवले आहेत, त्याला खिडकीच्या आतली बाजू दाखवली की तो सहसा सोडत नाही.

गेम न खेळणाऱ्यांनाही विसरू नका, तिथे यश जास्त मिळतं. परदेशी स्थायिक झालेल्या ताईला किंवा मावशीला ‘वेनबा’ (२०२३) द्या. टोरंटोच्या विसाई गेम्सचा हा गेम कॅनडाला गेलेल्या एका तमिळ कुटुंबाचा आहे. आईच्या फाटक्या वहीतली पाककृती जुळवत इडली, बिर्याणी करायची, आणि मधल्या वर्षांत मुलगा घरच्या भाषेपासून कसा लांब जातो ते बघायचं. दीड-दोन तासांत संपतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरात तमिळ घराचा गेम चालेल का, अशी शंका घेऊ नका. सुडोकू सोडवणाऱ्या काकांना ‘बाबा इज यू’ द्या. फिनलंडच्या एका माणसाने बनवलेला हा कोड्यांचा गेम आहे, त्यात नियमच शब्दांच्या ठोकळ्यांत लिहिलेले असतात आणि ते ठोकळे ढकलून नियम बदलायचे असतात.

३. इंग्रजीची अडचण आधीच ओळखा

हा टप्पा आपल्याकडे सगळ्यात जास्त शिफारशी पाडतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मराठी माध्यमातून आलेला, गेममध्ये तरबेज असलेला मुलगा “मला इंग्रजी जड जातं” असं तुम्हाला सांगणार नाही. तो “बोर आहे रे” म्हणेल. म्हणून ते विचारायच्या भानगडीत न पडता गेमच तसा निवडा.

‘मशिनारियम’ (२००९) हा चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा गेम. गंजलेल्या यंत्रमानवांचं शहर, संवाद अजिबात नाहीत, बोलणं सगळं चित्रांच्या फुग्यांतून. ‘गोरोगोआ’ (२०१७) मध्ये तर वाचायला काहीच नाही. चार चौकटी आणि त्यांतली चित्रं हलवून, एकावर एक ठेवून वाट काढायची. दोन तासांचा गेम आहे आणि फोनवरही मिळतो. ‘चँट्स ऑफ सेनार’ (२०२३) याहून गमतीचा. एका उंच मनोऱ्यात वेगवेगळे लोक राहतात, प्रत्येकाची लिपी वेगळी, आणि खुणांचे अर्थ आपण अंदाजाने ओळखायचे. इथे इंग्रजी फाडफाड बोलणारा आणि न बोलणारा एकाच ओळीत उभे राहतात.

उलट टोकाला ‘डिस्को एलिझियम’ (२०१९). मजकूर दहा लाख शब्दांच्या घरातला आणि इंग्रजी मुद्दाम वाकडंतिकडं. मला तो फार प्रिय आहे. तरीही जो कादंबऱ्या वाचत नाही त्याला मी तो सुचवत नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

४. मशीन आणि खिसा

ग्राफिक कार्ड आहे का, रॅम किती, डिस्कवर जागा किती उरली, हे विचारून घ्या. ओब्रा डिन २ जीबीत बसतो आणि बहुतेक साध्या लॅपटॉपवर चालतो. आउटर वाइल्ड्सला मात्र ग्राफिक कार्ड लागतंच, शिवाय कंट्रोलर असेल तर फार बरं.

जुना गेम सुचवत असाल तर आणखी एक काम वाढतं. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ १६ नोव्हेंबर २००४ ला, नेमका ‘हाफ-लाइफ २’ च्याच दिवशी आला आणि त्याच्या सावलीत गेला. बनवणारी ट्रॉइका कंपनी पुढच्याच वर्षी बंद पडली. चाहत्यांनी वर्षानुवर्षं दुरुस्त्या करत तो खेळण्याजोगा ठेवला आहे. तो अनधिकृत पॅच आधी टाकायला सांगा, जमलं तर स्वतः टाकून द्या. पहिल्याच रात्री गेम बंद पडला तर मित्र त्याच्याकडे पुन्हा ढुंकूनही बघणार नाही.

पैशाचं बोलायचं तर स्टीमचा रिफंडचा नियम तोंडपाठ ठेवा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी. “नाही आवडला तर पैसे परत” हे वाक्य जादू करतं. फक्त एक सापळा आहे. गेम उघडा ठेवून जेवायला गेलं तरी घड्याळ चालूच राहतं, त्यामुळे उठताना बंद करायला सांगा. अमेरिकेतल्या चुलतभावाकडून भेट म्हणून मागवण्याची युक्तीही दरवेळी चालत नाही. दोन देशांतल्या किमतींत फार फरक असेल तर स्टीम भेट अडवतं.

“क्रॅक आहे का?”, म्हणजे फुकटची चोरीची प्रत मिळेल का, हा प्रश्न येणारच. भाषण देऊ नका. डेमो असेल तर तो द्या, नाहीतर विशलिस्टात टाकायला सांगा, म्हणजे सेल लागला की ईमेल येईल. तीन-चार माणसांनी बनवलेल्या गेमला शंभर खरेदीदारांनीही फरक पडतो, हे एकदाच म्हणा आणि विषय सोडा.

५. एकच गेम, एकच मेसेज

दहा गेमची यादी पाठवली की एकही खेळला जात नाही. एक निवडा आणि असं काहीसं लिहा:

“सिरीज बघताना खुनी आधी ओळखायची तुला खोड आहे, म्हणून सांगतोय. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. १८०७ साल आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज परत आलंय आणि त्यावर जिवंत माणूस एकही नाही. तू विम्याच्या हिशेबासाठी आलेला इन्स्पेक्टर. ६० जणांचं काय झालं ते वहीत भरायचं. मारामारी शून्य. चित्र काळं-पांढरं, ठिपक्याठिपक्यांचं आहे, सुरुवातीला डोळ्यांना त्रास होईल. इंग्रजी वाचावं लागतं पण घाई कसलीच नाही. आठ-दहा तासांचा आहे. तुझ्या लॅपटॉपवर चालेल, मी बघितलंय. शनिवारी रात्री सुरू करणार असलास तर कॉलवर येतो.”

यात उणी बाजू लपवलेली नाही, हे बघा. “चित्र विचित्र वाटेल” असं आधीच सांगितलं की ते विचित्र वाटल्यावर माणूस गेम बंद करत नाही. त्याला वाटतं, हां, हेच ते.

‘मास्टरपीस’, ‘अंडररेटेड’, ‘लाइफ चेंजिंग’ हे शब्द टाळा. ‘अमक्या मोठ्या गेमसारखाच आहे’ हेही टाळा. ‘डार्क सोल्ससारखा’ म्हणून दिलेल्या गेमकडे माणूस डार्क सोल्सच्याच अपेक्षेने बघतो आणि दुसऱ्या तासाला हिशेब मागतो.

आणि ‘आपला’ आहे म्हणून सुचवू नका. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. पळवून नेलेल्या भावाला, गोलूला शोधायला निघालेली राजी, वरून दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून, आणि हाताने रंगवल्यासारखे महाल-कारंजी. दिसायला तो खरोखर देखणा आहे. पण लढाया पुढे पुढे त्याच त्या वाटतात, आणि पाच-सहा तासांत गोष्ट ऐन रंगात आल्यावर थांबते. ‘पुण्याचा गेम आहे, खेळायलाच हवा’ म्हणून दिलात तर मित्र अभिमानाने सुरू करेल आणि चिडून संपवेल. ‘दोन संध्याकाळींचा, बघण्यासारखा गेम’ म्हणून दिलात तर तोच खूश होईल.

६. किती सांगायचं

माझी मर्यादा अशी: गेम पहिल्या दहा मिनिटांत स्वतः जे सांगतो तेवढं मीही सांगतो, त्यापुढे शब्द नाही.

आउटर वाइल्ड्ससारख्या गेममध्ये ही मर्यादा जिवावर येते. एका छोट्या सूर्यमालेत लाकडी यानातून फिरायचं. बंदूक मिळत नाही, ताकद वाढत नाही, नवं यान मिळत नाही. शेवटपर्यंत वाढतं ते फक्त आपल्याला कळलेलं. पहिल्या दिवशीही शेवटचं दार उघडता येईल, ते आहे कुठे हे माहीत नसतं इतकंच. त्यामुळे एक वाक्य जास्त बोललात तर त्या माणसाचा तेवढा गेम तुम्ही खाल्लात, आणि तो परत करता येत नाही. ‘तो सुरुवातीचा मोठा धक्का’ कोणता, हे मी इथेही लिहिणार नाही.

अडकल्यावर यूट्यूबवर शोधू नकोस, मला विचार, असं बजावून ठेवा. तिथे व्हिडिओ उघडायचीही गरज पडत नाही, बाहेरच्या चित्रातच शेवट दिसतो. तो विचारेल तेव्हा उत्तर देऊ नका, उलट प्रश्न करा: “त्या भिंतीवरचं सगळं वाचलंस का?” “तिथे पुन्हा कधी गेलास?” या गेमला २०२१ मध्ये ‘एकोज ऑफ द आय’ नावाचा जोडभाग आला. मूळ गेम संपेपर्यंत तो घ्यायला सांगू नका.

७. पहिल्या तासाची शिदोरी

इथे बहुतेक जण कमी पडतात. स्पॉयलर न देताही, म्हणजे पुढचं काही न फोडताही, माणसाला उंबरठ्याच्या आत आणता येतं. गेमगणिक तीन-चार वाक्यं तयार ठेवा. माझी अशी आहेत:

आउटर वाइल्ड्स: आधी गावातल्या वेधशाळेत जाऊन यानाचा कोड घे. मग जो ग्रह आवडेल तिकडे जा, ‘बरोबर’ ग्रह असा कुठलाच नाही. यानात मागे एक संगणक आहे, तुला कळलेलं सगळं तो जोडून ठेवतो. गोंधळलास की तो बघ. मरशील, मरू दे.

ओब्रा डिन: हेडफोन लाव, बोलण्याच्या लकबीवरून माणूस कुठला ते कळतं. सगळी दृश्यं बघून होईपर्यंत सगळ्यांची नावं भरायचा अट्टहास करू नकोस. तीन जणांची माहिती बरोबर भरली की गेम ती एकदम पक्की करतो, म्हणून दोघांबद्दल खात्री असेल तर तिसऱ्यावर अंदाज मारायला हरकत नाही.

बाबा इज यू: एखादं कोडं सुटेना तर सोडून दुसरं घे, नकाशावर वाटा बऱ्याच आहेत.

शक्य असेल तर पहिल्या तासाला डिस्कॉर्ड या कॉलच्या ॲपवर स्क्रीन शेअर करून सोबत बसा. अट एकच, माइक बंद. मागून “डावीकडे, अरे डावीकडे” चालू झालं की खेळणारा तुमचा हुकूम पाळतो, गेम खेळत नाही.

८. नंतर

आठवड्याने एकदा विचारा. एकदाच. “सोडला” असं उत्तर आलं तर कुठे सोडला ते विचारून घ्या, वाद घालू नका, आणि “अजून दोन तास खेळ, मग मजा येते” तर मुळीच म्हणू नका. त्याने कुठे सोडला ते लक्षात ठेवा, पुढची शिफारस तिथूनच सुरू होते.

९. सगळ्या गटाला एकदम ओढायचं असेल तर

सहा जणांना सहा प्रती घ्यायला लावणारा अनोळखी गेम चालत नाही. एका प्रतीवर चालणारा निवडा. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ (२०१५) हा त्यासाठी मला सर्वांत सोयीचा वाटतो. एकाला पडद्यावर बॉम्ब दिसतो, बाकीच्यांकडे तो निकामी करायची पुस्तिका असते, आणि कुणी एकमेकांचं बघायचं नाही. बॉम्बवाला “लाल वायर, मग निळी, मग दोन पिवळ्या” ओरडतो, बाकीचे पानं उलटत राहतात. सगळी आरडाओरड मराठीतच होते. विकत फक्त बॉम्बवाल्याने घ्यायचा. पुस्तिका गेमच्या संकेतस्थळावर फुकट आहे, इंग्रजीत आहे, त्यामुळे भरभर वाचणारा एक जण तरी त्या बाजूला बसवा. एकाच मशीनवर मिळून खेळायचे इतर गेम असतील तर स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर वापरा. त्यातही प्रत एकाकडे असली की पुरते, बाकीचे आपापल्या घरून जोडले जातात. ज्याच्याकडे इंटरनेट सगळ्यात चांगलं, त्याच्याच मशीनवर गेम चालवा. आणि पुस्तिका छापून घेणार असाल तर गेममध्ये दाखवलेला पडताळणी क्रमांक आणि पुस्तिकेवरचा क्रमांक एकच आहे ना, ते आधी बघा. आवृत्ती वेगळी निघाली तर बॉम्ब फुटणार.